वाट्याच्या कळा

"माझ्या वाट्याला जरा जास्तच आल्यात हं कळा," कंबर चोळत नणंद कुरकुरली.

प्रसूतिगृहात मृदुलाच्या खाटेभोवती आई, सासूबाई आणि नणंद बसल्या होत्या. डोहाळजेवणात ओटी भरून झाल्यावर मनगटांवर बांधलेले पट्टे तिच्या कळा वाटून घेत होते. चौथा पट्टा रॉटरडॅमला, नवऱ्याकडे होता. बांधतानाचा फोटो त्यानं हौसेनं सगळ्यांना पाठवला होता.

तरी मृदुला तळमळत होती. त्याचा वाटा परत तिच्याच अंगावर येत होता.

"नेटवर्क गेलं असेल," आई म्हणाली.

"तिकडे बर्फ पडतोय ना," नणंद म्हणाली.

पुढची कळ ओसरल्यावर सासूबाईंनी तिचा घामेजलेला हात धरला.

"नेटवर्कला काही झालं नाही गं. माझ्या लेकानंच पट्टा काढून ठेवलाय."