काकींच्या तोंडी ‘मंडळी’

“मंडळी, कृपया वेळेवर यावं,” काकींनी फोनमध्ये बोलून आपल्या लाँड्रीच्या ग्रुपवर निरोप सोडला आणि तोंड कडू झाल्यासारखी मान झटकली.

एरवी त्यांचा निरोप वेगळा असायचा. “बायांनो, अंथरुणात मुळं फुटली का तुम्हाला? हॉस्पिटलच्या चादरी काय माझा बाप धुणार?” मग एकेकीचा नाव घेऊन उद्धार. शेवटी आवाज मऊ करून, “आणि भाऊ, तुम्ही आपलं सवडीने या.”

भाऊ म्हणजे नवा इस्त्रीवाला. सगळ्या बायकांत एकटा पुरुष. हात असा, की त्याला बघूनच सुरकुतीने पळ काढावा. तोच काल म्हणाला होता, मी दुसरीकडे काम बघतो. तो गेला की हॉस्पिटलचं कामही त्याच्यामागे जाणार, हे काकींना दिसत होतं.

सुनेने निदान केलं. आई, तुम्ही रोज ‘बायांनो’ म्हणता, त्या माणसाने तोंड लपवावं कुठे? सगळ्यांना धरून बोला. सुनेचं ऐकायचं म्हणजे काकींना एरंडेल. पण वेळ आली होती. प्यायल्या.

निरोप गेला आणि ग्रुप चिडीचूप. थोड्या वेळाने सगळ्या बायका धापा टाकत काकींच्या दारात. एकीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसरीने सुनेला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? काकी इतकं गोड बोलल्या, म्हणजे काही खरं नव्हतं.

मागून भाऊ आला. उद्यापासून येत नाही, म्हणाला.

काकींचा पारा चढला, तरी जीभ आवरून त्या म्हणाल्या, “अहो, आता तर तुम्हालाही धरलं ना मंडळीत? अजून काय राहिलं?”

भाऊ खाली बघत म्हणाला, “काकी, परवा डॉक्टरांचा कोट माझ्या हातून जळला. शिव्या मात्र तुम्ही ह्यांना दिल्यात. मी काय इथला पाहुणा आहे?”

सगळे समोर उभे असतानाच काकींनी फोन तोंडाशी धरला. क्षणात साऱ्यांचे फोन वाजले. प्रत्येकाने जागच्या जागी निरोप लावला.

“गाढवांनो, माझ्या दारात काय तमाशा आहे? इस्त्र्या तापवा. आणि कोटजाळ्या, तू सगळ्यांच्या आधी.”

भाऊने चपलासुद्धा नीट घातल्या नाहीत. बायकांना मागे टाकून तो लाँड्रीकडे पळत सुटला.