पेटीवरचा पटका

धाकट्या समृद्धीचं लग्न झालं, त्याच साली लिंबाजीच्या मोटारीच्या पेटीत सिमकार्ड बसलं. लग्नाला येताना मल्हारनं ते यंत्र पुण्याहून आणलं होतं. आता लाईट आली की त्याच्या फोनवर निरोप जायचा आणि तो तिथूनच बटण दाबायचा. इकडं तेर गावच्या शिवारात पाईप पाणी फेकायला लागायचा.

बानूबाईला लेकाचं कौतुक वाटायचं. लिंबाजीला मात्र करमेनासं झालं होतं.

"म्हशीला बी शिम बसीव म्हनावं त्येला," तो म्हणायचा. "धार बी पुन्यातूनच काढंल."

"काढंल की. तुमच्यावानी लाथा तर खानार न्हाय!"

त्या दुपारी लाईट नव्हती. विहिरीतल्या केबलच्या जोडावरची पट्टी सुटून लोंबत होती. ती नवी गुंडाळायला लिंबाजी निघाला. सदरा काढून त्यानं काठावर ठेवला, फोन खिशात तसाच. मग डोक्याचा पटका सोडला आणि खांबावरच्या पेटीला गुंडाळून गाठ मारली.

ही त्या शिवाराची जुनी रीत. पेटीवर पटका दिसला की विहिरीत माणूस आहे, बटणाला हात लावायचा नाही. शेजारचा उत्तरेश्वर याच विहिरीचा वाटेकरी. गेल्या उन्हाळ्यात त्याची मिरची सुकत होती, लाईटही आली होती. तरी पटका बघून तो लिंबाजी वर येईस्तोवर बाभळीखाली बसून राहिला. मल्हार लहान असताना पटक्याची राखण करायला त्यालाच पेटीखाली बसवत.

"आन् लाईट आली म्हंजी?" बानूबाईनं विचारलं.

"पटका हाय की. कोन हात लावतंय?"

तो पायऱ्या उतरला. खालून त्याचं खाकरणं ऐकू आलं, मग पाण्यात पाय टाकल्याचा आवाज.

"लई गार हाय गं," तो खालून ओरडला. "जोड उघडा केलाय म्या. चिकटपट्टी खिशातच ऱ्हायली बघ. टाक खाली."

बानूबाईनं सदऱ्याच्या खिशात हात घातला. तेवढ्यात आतला फोन वाजला. तिनं तो कानाला लावला.

"नमस्कार, शेतकरी बंधू," एक बाई गोड आवाजात बोलली. "आपली मोटार चालू झाली आहे. धन्यवाद."

बानूबाईनं पेटीकडं बघितलं. पेटीजवळ कोणी नव्हतं. पटका जसाच्या तसा होता, गाठसुद्धा हलली नव्हती. त्याच्या विरलेल्या कापडातून हिरवा दिवा दिसत होता.

"अवो!" तिनं विहिरीत वाकून हाक मारली.

पाणी हलत होतं. ओ आली नाही.

ती धावली आणि पटक्यावरूनच चाचपून लाल बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. हातातला फोन पुन्हा वाजला. या वेळी मल्हार होता.

"आबा, मोटार का बंद केली? आत्ताच तर लावली मी. लाईट हाय तवर गहू भिजू द्या की. तुमी नुसतं घरी बसा म्हणून तर एवढं केलं."

"मल्हाऱ्या," बानूबाई म्हणाली, "पेटीवर पटका हाय रं."



समृद्धी पहिल्या संक्रांतीला माहेरी यायची होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीच्या दुपारी, लिंबाजी विहिरीत वारला.