वीस भरलेली

"ज्युनिअर म्हणजे वीसच्या आतली. तुमची नात वीस ओलांडून बसलीय, आजी," टेबलामागचे सर म्हणाले आणि रागिणीचा शाळेचा दाखला त्यांनी अनुसयाबाईंपुढं सरकवला.

हिंगोलीच्या मैदानावर मुलींच्या ज्युनिअर कबड्डी संघाची निवड चालली होती. आजी-नात गोरेगावहून सकाळच्या पहिल्याच जीपनं आल्या होत्या.

"कोन म्हन्तं वीस?" अनुसयाबाई कडाडल्या. "म्या माह्या हातानं नाळ कापली हिची. गेल्या पोळ्याला अठरा भरले."

"दाखल्यावर एक जून आहे. आणि सालही दोन वर्षं मागचं."

"एक जून! अवो, आमचं अर्धं गाव एक जूनला जन्मलं. त्या दिवशी काय सुईन फुकट व्हती?"

रांगेतल्या पोरी फिदीफिदी हसल्या. बाईंना आणखी चेव आला. "आन् आमच्या लाइटीच्या हापिसातला ज्युनिअर इंजिनिअर टकला हाये. दोन लेकरायचा बाप! त्याला काहून न्हाई कोनी वय इचारत?"

"ती नोकरी झाली, आजी. इथं ज्युनिअर म्हणजे फक्त वय."

अनुसयाबाई एकदम नरमल्या. कारण चूक त्यांचीच होती, आणि ती त्यांना चांगली ठाऊक होती. चौदा वर्षांमागं रागिणी धड चारचीही नव्हती. घरचे सगळे मेंढरांमागं. लेकरू कोणाच्या गळ्यात बांधायचं? म्हणून आजीनं तिला शाळेत नेलं. गुरुजी जुन्या वळणाचे. उजवा हात डोक्यावरून घालून डावा कान धरायला लावायचे. कान हाती आला की सहा पुरे. रागिणीचे हात मुळातच लांब, त्यात आजीनं मागून कोपराला हळूच रेटा दिला. गुरुजींनी सहा लिहून टाकले. त्या दिवशी अनुसयाबाई आपल्या हुशारीवर केवढ्या खूश झाल्या होत्या! आज त्यांना स्वतःचाच राग आला.

"सायेब, लबाडी म्या केली. पोरीचा गुन्हा न्हाई. खेळू द्या तिला."

"तुमचं खरंही असेल, आजी. पण मला कागदावरच चालावं लागतं."

आता ही रडणार, म्हणून अनुसयाबाई पदर सरसावून तयारच होत्या. रागिणीच्या डोळ्याला टिपूस नव्हतं.

"सर, सीनिअरची निवड कुठं हाये?"

"पलीकडच्या मैदानावर. पण तिथं पंचवीस-अठ्ठावीसच्या बाया आहेत, पोलिसातल्या. चेंगरशील."

"कागदावर बसते ना मी?"

"बसतेस."

"मंग झालं." तिनं दाखला उचलून आजीच्या हातात कोंबला आणि चालू लागली.

निवडीत प्रत्येकीला तीन चढाया होत्या. पहिल्याच चढाईत दोघींनी तिला उचलून आपटलं. "नागनाथा, सांभाळ रे बाबा!" म्हणत अनुसयाबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा पोरगी धूळ झटकत परत आपल्या जागेवर. दुसरी चढाई तशीच वाया गेली. तिसऱ्या वेळी तिनं कोपऱ्यातल्या दांडग्या पोलीसबाईला शिवलं. दुसरीनं घोटा धरला, तिसरी पाठीवर पडली. तरी दोघींना ओढत-ओढत रागिणीनं मधल्या रेषेवर बोटं टेकवली.

तिघी बाद!

निवड करणाऱ्या मॅडम खुर्चीतून उठल्या. "अरे, ही एवढीशी पोरगी कोणाची?"

अनुसयाबाई दाखला नाचवत मैदानातच घुसल्या.

"पोरगी कोनाला म्हन्ता, बाई? वीस भरलेली बाई हाये ती. कागद वाचा!"