स्पीकर नसलेलाच द्या

"यात स्पीकर आहे?" सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं.

"आहे की! दिसतो एवढासा, पण आवाज घरभर," दुकानदार फुशारून म्हणाला.

"मग ठेवा तो आत. स्पीकर नसलेला दाखवा."

लोक जास्त आवाज मागायला येतात, हा कमी मागत होता. दुकानदाराने दुसरा खोका उघडला. काडेपेटीएवढा म्युझिक प्लेअर, रंगीत पडदा, पाच हजार गाणी मावतात म्हणे.

"पाच हजार!" सेक्रेटरी फिसकन हसला. "अहो, म्हातारीला द्यायचाय. गाढवाला गुळाची चव काय? रंगीत पडदा नको. किंमत बोला."

किंमत ऐकून त्याने खजिनदाराकडे पाहिलं. खजिनदार म्हणजे त्याच्याच इमारतीतला, तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी. वर्गणीचं पाकीट त्याच्या खिशात होतं आणि देताना सगळ्यांनीच हात आखडता घेतला होता. त्याने नकारार्थी मान हलवली.

"भिकारडे लेकाचे," सेक्रेटरी पुटपुटला. "शांतता हवी सगळ्यांना, खिशात हात मात्र जात नाही."

शांतता खरं तर त्यालाच हवी होती. त्याच्या शेजारी एक्सचेंजवाल्या मावशी राहत. टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्मभर लोकांचे कॉल जोडून निवृत्त झालेली एकटी बाई. दोन घरांमधली भिंत म्हणजे नुसता पापुद्रा. संध्याकाळी सेक्रेटरी ऑफिसातून आला, त्याने दार लावलं, की पलीकडे रेडिओ सुरू. तोही असा की तळमजल्यावरच्या माणसाला बातम्या पाठ व्हाव्यात. त्याने समज दिली, फलकावर नोटीस लावली. मावशी हसून "बरं" म्हणत आणि संध्याकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

बाकी इमारत त्याला टरकून होती. कुणी जिन्यात चपला काढल्या की तो खालूनच नाव घेऊन ओरडे. माणसांना शिस्त लावावी लागते, ती आपोआप येत नाही, हे त्याचं लाडकं मत होतं. दाखला म्हणून तो स्वतःच्या बायकोकडे बोट दाखवी. "आमच्या हिचा आवाज ऐकलाय कधी कुणी?" कुणीच ऐकला नव्हता.

रविवारी सोसायटीची सभा होती. पुन्हा बिनविरोध निवडून यायचं, तर एका म्हातारीपुढे हात टेकलेले दिसून चालणार नव्हतं. ज्याला एक रेडिओ बंद करता येत नाही तो कसला सेक्रेटरी, असं एकजण बोलला की दहाजण बोलणार. मग राहिलं काय त्याच्याजवळ? ऑफिसात तर त्याला शिपाईसुद्धा विचारत नसे.

"साहेब, एक बोलू?" शिंपी म्हणाला. "दिवसभर रेडिओ बंदच असतो हो त्यांचा. तुम्ही आलात की लावतात."

"तेच तर! मुद्दाम करते. स्वतःला ना नवरा ना मूल, दुसऱ्याचा सुखी संसार बघवत नाही तिला."

शिंप्याला अक्कल नाही, हे सेक्रेटरीने मनाशी पुन्हा एकदा नोंदवलं.

शेवटी दुकानदाराने तळातून एक करडा तुकडा काढला. पडदा नाही, स्पीकर नाही, तीन बटणं आणि सोबत इअरफोन. दुकानात त्याहून स्वस्त काही नव्हतं.

"टिकेल ना?" शिंप्याने विचारलं.

"म्हातारी तरी किती टिकणार आहे?" सेक्रेटरी म्हणाला. त्याने इअरफोन शिंप्याच्या कानात कोंबले, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि स्वतः कान देऊन वाकला. बाहेर हूं की चूं नाही.

"काय म्हणताय?" शिंपी ओरडला. त्याला कुणी काहीच म्हटलं नव्हतं.

"पसंत!" सेक्रेटरी म्हणाला. "हाच बांधा."

संध्याकाळी त्याने चार शेजाऱ्यांना गोळा करून मावशींना ती भेट दिली. इमारतीचं प्रेम, ज्येष्ठांचा मान वगैरे दोन वाक्यंही टाकली. मग त्यांचा जुना रेडिओ उचलून शिंप्याच्या हातात दिला आणि सोसायटीच्या खोलीत ठेवायला सांगितलं.

"रेडिओ असू द्या की इथेच," मावशी म्हणाल्या.

"कशाला? याच्यात गाणी आहेत, बातम्याही लागतात. कानात घातलं की झालं."

"भिंती फार पातळ आहेत हो आपल्या."

"म्हणूनच तर!"

"घरी विचारलंत का तुमच्या?"

"घरी काय विचारायचं? मी म्हणतो तेच घरचं मत."

"बरं," मावशी म्हणाल्या.

शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी छाती पुढे काढून आपल्या घरात गेला आणि त्याने दार लावलं. पलीकडे रेडिओ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात सगळेच बदललेले होते. पहिल्या मजल्यावरची नर्स त्याला बघताच बाजूला सरली. चपला दारातच पडल्या होत्या, पण त्याचा आवाज चढायच्या आत शिंप्याने त्याचा हात धरला. "साहेब, चहा घेऊन जा ना आमच्याकडे. निवांत बसा थोडं." इतक्या मायेने तो कधी बोलला नव्हता. उपकार कळले म्हणायचे या लोकांना, सेक्रेटरीला वाटलं. उशिरा का होईना.

तो परत आपल्या मजल्यावर आला, तेव्हा मावशी त्यांच्या दारातच उभ्या होत्या. त्यांच्या हातात प्लेअर होता.

"हे घ्या, आणि माझा रेडिओ तेवढा द्या परत," त्या म्हणाल्या.

"का? आवाज चांगला नाही?"

"आवाज छान आहे हो." मावशी जवळ आल्या आणि अगदी हळू बोलल्या. "काल तुमची बायको गरजायला लागली आणि तुम्ही तिचे पाय धरून रडायला लागलात, तेव्हा माझ्या कानात गाणं होतं. मी ते काढेपर्यंत सगळी इमारत जिन्यात जमली होती. इतकी वर्षं रेडिओ काय मी माझ्या हौसेनं लावत होते?"