टेपची दुसरी बाजू

"अठरावरून चारवर! अगं, अठरावरून चारवर आली!"

नवरा दारातूनच ओरडला. एक चप्पल आत, एक बाहेर, हातात रिपोर्टचा फाडलेला लिफाफा. बोटांना कुणाच्या तरी भिंतीचा पिवळा रंग अजून तसाच होता.

ती जमिनीवर बसून लेकीच्या शाळेच्या स्कर्टची उंची ठरवत होती. लेक स्टुलावर उभी. हिच्या ओठांत चार टाचण्या, त्यामुळे लगेच बोलता येईना.

"चार महिन्यांपूर्वी तुझी गाठ अठरा होती की नाही? आज चार पूर्णांक एक! औषध लागू पडलं. मी म्हणत नव्हतो?" त्यानं जुना आणि नवा रिपोर्ट मशीनवर शेजारी शेजारी मांडले. एका आकड्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि एवढा थोरला माणूस घळाघळा रडायला लागला.

माणूस आनंदानं वेडा झाला, की आकड्याच्या पुढे काय लिहिलंय ते कुठे बघतो? त्यातून ह्याचा जन्म गेला भिंती फुटांत मोजण्यात.

तिचाही जन्म इंचांत गेला होता. छाती छत्तीस, कंबर तीस. पण तिनं बघितलं. जुनी लॅब बंद पडली म्हणून ह्या वेळी दुसरीकडे तपासलं होतं. जुन्या कागदावर अठरापुढे मि.मी. होतं. नव्यावर चार पूर्णांक एकपुढे सें.मी.

तिनं गळ्यातली टेप उलटी केली. वीस वर्षं ही सेंटिमीटरची बाजू मानेला घासत होती, पण वाचायची वेळ कधी आली नव्हती. अठरा बारीक रेघा मोजून तिनं नख ठेवलं आणि टेप परतून बघितली. पाऊण इंचाला थोडं कमी. कोटाच्या बटणाएवढं. मग नख चारवर आणि एक रेघ पुढे. इकडे दीड इंचाच्याही वर गेलं.

असलं बटण तिनं आजवर कुणाच्याही कोटाला लावलं नव्हतं.

स्टुलावरून लेकही कागदांकडेच बघत होती. तिचे ओठ हलत होते. दहा मिलिमीटरचा एक सेंटिमीटर, हे शाळेत आत्ताच शिकवून झालं होतं.

"बाबा, पण हे तर..."

"हलू नकोस गं! टोचेल!" ती एवढ्यानं ओरडली, की ओठांतल्या टाचण्या फरशीवर सांडल्या.

"काय म्हणत होती?" नवऱ्यानं डोळे पुसत विचारलं.

"काही नाही. तुम्ही आधी तुमच्या ताईंना फोन करा. जीव टांगणीला लागला असेल त्यांचा."

"करतो, करतो! आता सोमवारी डॉक्टरांकडे जायलाच हवं का पण?"

"जायचंच," ती म्हणाली.

तो फोन घेऊन जिन्यात गेला. आज शुक्रवार. सोमवारी डॉक्टर सांगणारच होते. मधले दोन दिवस त्याच्याकडून हिसकावून घ्यायला तिचा जीव होईना. चार महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"मला येतं हे गणित," लेक अगदी हळू म्हणाली.

"माहीत आहे."

स्कर्टचं खालचं जास्तीचं कापड अजून कापायचं होतं. तिनं कात्री उचलली, क्षणभर धरली आणि परत ठेवून दिली. नेहमी ती दोन बोटं दुमडायची. आज सगळंच्या सगळं, वीतभर कापड आत दुमडलं. टाचण्या वेचून एकेक लावत गेली.

"एवढं आत? जड होईल ना गं."

"होऊ दे. दरवर्षी थोडं थोडं सोडलं की दहावीपर्यंत पुरेल."

बाहेर जिन्यात नवरा मोठमोठ्यानं सांगत होता, "फक्त चार, ताई! फक्त चार!"

तिनं मशीनच्या खणातून उसवायची छोटी कात्री काढली आणि लेकीच्या हातात दिली.

"उतर खाली. टाके कसे उसवायचे ते आत्ता बघून ठेव."