जिथे कोणी चढत नाही

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. आज पूर्वरंग नाही, सरळ आख्यान. लहानसंच आहे, एका बसमधलं. ऐकून तोंड कडू होईल, पण ऐका.

दिल्लीत मुनिरकेहून निघालेली बस नवव्या थांब्यावर थांबलीच नाही.

थांबायचंच नव्हतं. थांब्याच्या खांबावर तसा कागद डकवला होता. थांबे दूरदूर ठेवले की बस किती लवकर पोचते, याची त्या दिवशी चाचणी होती. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर सल्लागार कंपनीचे राजीव सर बसले होते, हातात स्टॉपवॉच. शेजारी त्यांची ज्युनियर हेमांगी, मांडीवर लॅपटॉप.

"बघ, एकदम मक्खन," राजीव सर म्हणाले. "सव्वातीन मिनिटं वाचली. मंगळवारी प्रेझेंटेशन, बिल्कुल पास."

"भैया, डायलिसिस वाला स्टॉप निकल गया," मागून एक म्हातारा आवाज आला. ड्रायव्हरने गिअर बदलला. मग तोच आवाज हळू झाला, "बस, कमला. उठू नकोस. पुढच्याला उतरू."

मराठी ऐकून हेमांगी वळली. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ उभे होते, काखेत रिपोर्टांची फाइल. बायको त्यांच्या दंडाला धरून बसली होती. तिच्या डाव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली.

"अकराचं मशीन आहे हिचं," त्यांनी हेमांगीला सांगितलं. तक्रार नव्हती, नियम सांगावा तसं. "सव्वा अकराच्या पुढे गेलं की मशीन दुसऱ्याला देतात."

"पण काका, त्या थांब्यावर कोणी नसतंच," हेमांगी म्हणाली. "दिवसाला चार माणसं चढतात. आम्ही मोजलंय."

"चढेल कोण, बेटा? चार तास रक्त धुऊन बाहेर पडलेला माणूस बस पकडत नाही. त्याला रिक्षात घालून न्यावा लागतो." त्यांनी मागे राहिलेल्या थांब्याकडे बोट केलं. "तिथे माणसं उतरतात. उतरणारे मोजले का?"

मोजले नव्हते. फॉर्मवर रकाना एकच होता, चढणारे. गेली चार वर्षं प्रत्येक मार्गावर तोच फॉर्म भरला जायचा, आणि तो हेमांगीनेच बनवला होता.

बस पुढच्या थांब्यावर उभी राहिली. कमलाबाई उठल्या. एक पायरी. दांडा. दुसरी पायरी. राजीव सरांचा अंगठा स्टॉपवॉचवर ताटकळला.

"तुमची घाई मला कळते हो, साहेब," कमलाबाई न वळताच म्हणाल्या. "गुडघ्यांना कळत नाही."

"पंचावन्न सेकंद," राजीव सर हेमांगीच्या कानाशी पुटपुटले. "हे रीडिंग काढून टाक, यार. अ‍ॅव्हरेज बिघडतं." आणि दाराकडे बघून गोड हसले, "नमस्ते आंटी. थोडं चालणं तब्येतीला अच्छा असतं."

हेमांगीने लॅपटॉप मिटला आणि ती त्या दोघांच्या मागून उतरली. दहा चाळीस झाले होते.

आठशे मीटर मागे जायचं होतं. फुटपाथवर गाड्या लावलेल्या, म्हणून तिघं रस्त्याच्या कडेने. रिक्षावाले मान हलवून निघून जात होते. उलट दिशेला जायचं तर यू-टर्न दोन किलोमीटर पुढे, कोण वळवणार? कमलाबाई शंभर पावलं चालायच्या की बसायच्या. एकदा दुभाजकाच्या कठड्यावर, एकदा बँकेच्या पायरीवर, एकदा नर्सरीवाल्याच्या पालथ्या कुंडीवर.

"तू कशाला आलीस ग? तुझी बस गेली की."

"वेळ मोजतेय, काकू."

"मग नीट मोज. मी बसते तेही धर त्यात."

डायलिसिस सेंटरच्या दारात पोचले तेव्हा अकरा एकवीस झाले होते.

"मशीन दे दी, अम्मा," सिस्टर म्हणाली. तिचाही इलाज नव्हता. "अब परसों."

गृहस्थांनी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. कमलाबाई बाकावर टेकल्या. हेमांगीने तिथूनच फोन लावला.

"सर, थांब्यापासून सेंटरपर्यंत एक्केचाळीस मिनिटं. शीटमध्ये टाका."

"अरे, पण बस तर पोचली ना वेळेआधी. हा बसचा टाइम नाहीये."

"मग कोणाचा आहे?"

"पॅसेंजरचा. तो आपल्या स्कोपमध्ये नाही, यार. चलो, लंचपर्यंत ये. छोले-कुलचे मागवलेत."

तिने फोन ठेवला. कमलाबाईंनी बाकावर हात थोपटला, "बस बाई, दमलीस तू." हेमांगीला त्यांच्या शेजारी बसवेना.

तर मंडळी, एवढंच आख्यान. मंगळवारी टाळ्या पडल्या, मार्ग पास झाला. बस आता खरंच सुसाट जाते, आणि आत बसलेले खूश असतात. तुम्हीही कधी बसाल, बाहेर एकेक खांब मागे पडेल, बरं वाटेल. वाटू द्या. त्या वेळी देवाचं नाव घेत असाल, तर त्याला जोडून आणखी एक नाव घ्या.

कमलाबाई गजभिये. अकराचं मशीन.