खरवडलेला चेहरा

"ऊठ तिथनं, मृदुला," दिगंबरदादा स्टुडिओच्या दारातूनच म्हणाला. "आजोबांनी पुसलं ते पुसलं."

नवरा गेल्यावर चंपूआत्यानं दुसरं लग्न केलं, म्हणून घरच्या फोटोतला तिचा चेहरा आजोबांनी ब्लेडनं खरवडला होता. आता रक्ताचं माणूस समोर बसलं की या स्टुडिओतलं नवं यंत्र फोटोतला गेलेला चेहरा परत घडवायचं.

मृदुला बसूनच राहिली. यंत्रानं तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि त्या पांढऱ्या ओरखड्यांवर आधी कपाळ उमटलं, मग नाक, मग हनुवटी. चेहरा थेट मृदुलाचाच होता.

दादा एकदा फोटोकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला. तिनं टेबलावरचं फोटो कापायचं ब्लेड उचलून त्याच्या हातात दिलं.

"घे, खरवड," ती म्हणाली. "पण माझ्याकडे बघत खरवड."